वरच्या खिडकीतली आई

बायडाबाईंच्या तोंडून ते शब्द बाहेर पडले तेव्हा त्या मागच्या ओट्याशी पाटावर बसून मेथी निवडत होत्या आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. 'एम्मा मणी, तिन्नावा?' शेवटचा 'वा' वर उचललेला, लांबवलेला. झोका वर गेला की पडायच्या आधी क्षणभर थबकतो ना, तसा. आवाज त्यांचाच, मिश्रीनं खरवडलेला, घोगरा. शब्द मात्र त्यांचे नव्हते. हातातली काडी हातातच राहिली. त्यांनी मागं वळून पाहिलं, जणू पाठीशी येऊन कुणी बोललं असावं. मागं धुणं वाळत होतं. मग त्यांनी वर पाहिलं. वरच्या मजल्याची हातभर खिडकी उघडी होती आणि तिच्यातून काहीच येत नव्हतं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर आणि पौषातलं धुकं यांची अजून फारकत झालेली नव्हती. ऊन दुधात बुडवून काढल्यासारखं अंगणात पडलेलं. साडेदहा वाजले असणार. घड्याळ बघायची गरजच नव्हती. साडेदहाला ती खिडकी बोलायची. आज तिसरा दिवस, ती बोलली नव्हती. आणि तिची वेळ झाली म्हणून बायडाबाईंची जीभ परस्पर हलली होती, त्यांना न विचारता. हे त्यांना अजिबात आवडलं नाही. या घरात त्यांना न विचारता पानसुद्धा हललेलं त्यांना चालत नसे, आणि इथं तर खुद्द तोंडच.

वर भाडेकरू होते. यादगिरी वीजकेंद्रातल्या ठेकेदाराकडे वेल्डिंगच्या कामाला, तेलंगणातला; त्याची बायको नागमणी, बावीस-तेवीसची, आणि पाच महिन्यांची मुलगी, जिला ते नुसतंच 'पाप', त्यांच्या बोलीत बाळ, म्हणत. पहिल्यांदा ते ऐकून बायडाबाई म्हणाल्या होत्या, "लेकराला कुणी पाप म्हणतं का गं, भवाने?" आणि नागमणी काही न कळून हसली होती. ती यांना 'आज्जीगारू' म्हणायची. रोज यादगिरी कामावर गेला, की फोन वाजायचा. हात आधी पिठाचे, आता लेकराच्या अंगाला लावायच्या तेलाचे, म्हणून तो खिडकीच्या कठड्यावर उभा ठेवून मोठ्यानं लावायची, आणि तिकडून तिची आई बोलायची. जाड, आरामशीर, घाई नसलेला आवाज. तो खिडकीतून खाली भांड्यांच्या ओट्यावर पाझरायचा. बाळंतपणाला माहेरी जायच्या आधी सहा महिने आणि परत आल्यावर दोन, असा आठ महिने तो बायडाबाईंच्या डोक्यावर पडत होता. त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. ऐकण्यासारखं होतं काय त्यात? "पत्र्यावर हरभरे सांडल्यागत बोलतात," असं त्या शेजारच्या लताबाईंना सांगायच्या. "एक दाणा दुसऱ्याला भेटत नाय." आणि सोमवारी ती आई गेली. न्हाणीघरातून बाहेर आली, उंबऱ्याशी बसली आणि गेली. भावानं कळवलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. दीड दिवसाच्या प्रवासाला तान्हं घेऊन निघू नकोस, दिवसांना ये, म्हणाला. नागमणीनं फोन खाली ठेवला आणि त्यानंतर ती रडली नाही, बोलली नाही, जेवली नाही. काल दुपारपासून तिचं दूध आटलं. पोरगी बाटली तोंडात घेईना. घेतलंच तर दूध ओकून टाकायची. एवढीच गोष्ट होती, आणि ती वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती.

बायडाबाईंनी मेथी पुन्हा हातात घेतली. पण आता जिभेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. कधी शिरलं हे? कुठून? शिकवलेलं तर त्यांच्या डोक्यात कधी काही राहिलंच नाही. चांदवडच्या शाळेत दुसरीपर्यंत गेल्या, आणि गुरुजींनी पट्टी आपटून बसवलेले पाढे घरी पोचेपर्यंत कांद्याच्या वाफ्यात सांडून जायचे. "हिच्या डोक्याला भोक हाय," गुरुजी म्हणायचे, सगळ्या वर्गासमोर. त्या दिवसापासून कुणी काही शिकवायला लागलं की बायडाबाईंच्या कानाला कुलूप बसायचं. पंधराव्या वर्षी लग्न होऊन त्या सटाण्याकडे गेल्या. तिथं सगळं घर अहिराणी. सासू यशोदाबाई चुलीपुढून ओरडायची, हे कुठं शे, ते कुठं शे, आणि ही हट्टानं 'हाय' म्हणायची. "आमचं बोलणं तुला कडू लागतं का गं?" सासू विचारायची. हो, लागायचं. दीड वर्ष त्यांनी त्या बोलीचा एक शब्द तोंडात घेतला नाही. आणि मग पहिल्या लेकाच्या, शेखरच्या वेळी, दोन रात्री कळा देऊन झाल्यावर, पहाटे कधीतरी त्यांच्या पोटातून आवाज निघाला, "मरी गऊ व माय!" दारातली सासू आधी गप्प झाली आणि मग इतकी हसली, की सुईणीलाही हसू आलं. "ऊनी, ऊनी आमनामां," असं काहीतरी म्हणाली, आमच्यात आली म्हणून. बायडाबाईंना त्या कळांपेक्षा त्या हसण्याचा राग जास्त दिवस पुरला. जन्माला पोर आलं होतं, पण हरल्यासारखं त्यांनाच वाटलं होतं. आपल्या अंगात कुठंतरी एक मागचं दार आहे आणि ते लावून घ्यायची कडी आपल्याला सापडत नाही, असं काहीतरी. ते नंतर त्या विसरून गेल्या. पन्नास वर्षांत घर बांधलं, नवऱ्याला शेवटच्या वाटेला लावलं, सून आणली, दार आहे हे लक्षातही राहिलं नाही. आणि आज ते वाऱ्यानं उघडावं तसं उघडलं.

नाही, तशी चाहूल आधीही लागली होती. दिवाळीच्या सुमाराला सून साक्षी मोबाइलवर काहीतरी बघत भाकऱ्या थापत होती. दोन बायका दक्षिणेकडच्या बोलीत भांडत होत्या. "आई, ऐका, आपल्या नागमणीची भाषा." बायडाबाई मान वर न करता म्हणाल्या, "तिची नाय ती." साक्षीनं बोट फिरवून पाहिलं, आणि भाकरी तव्यावर तशीच राहिली. "खरंच की. तमिळ आहे. तुम्हाला कसं कळलं?" "कळायला काय लागतं? या बायांचे शब्द तोंड मिटून संपतात. तिचे उघडे राहतात." बोलून गेल्यावर त्यांनाच नवल वाटलं होतं. असा विचार त्यांनी कधी केलेला नव्हता. पण खरं होतं ते. मणीचे शब्द कधी दार लावून घेत नाहीत. प्रत्येकाच्या शेवटी एक पायरी असते, उ-ची नाहीतर आ-ची, आणि पुढचा शब्द त्या पायरीवर पाय ठेवून येतो. मराठी बोलायला गेली तरी तिला पायरीशिवाय उतरता यायचं नाही. "आज्जीगारू, गॅसु लेदु," म्हणायची, "बस्सु लेदु," "पाणी लेदु," आणि रिकामे हात हलवून दाखवायची. बायडाबाई तिची नक्कल करून लताबाईंना हसवायच्या. नक्कल करता करताच ते शिरलं की काय? तोंडानं थट्टा चालली होती आणि खाली, कुठंतरी अंधारात, कान आपला दाणा दाणा वेचून ठेवत होता. लग्नघरात एखादी मुकी म्हातारी कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत असते, तशी. कुणी तिला सांगितलेलं नसतं. कुणाचं तिच्याकडे लक्ष नसतं. आणि अक्षतांची वेळ आली की तिचं सूप भरलेलं असतं.

कालची फजिती आठवून त्यांचे कान गरम झाले. रडवण्याच्या बाबतीत बायडाबाईंचा हात धरणारं त्या टापूत कुणी नव्हतं. मयत झालेल्या घरी बाई दगड होऊन बसली की निरोप यायचा. त्या जायच्या, दारातूनच हेल काढायच्या, गळ्यात पडायच्या, आणि गेलेल्या माणसाचं एक-एक करून मांडायच्या, त्याचा सदरा, त्याचं उठणं-बसणं, त्याचं अर्धं राहिलेलं पान. दगडाला पाझर फुटेपर्यंत सोडायच्या नाहीत. रडणं आत राहिलं तर दूध नासतं, डोकं फिरतं, हे त्यांच्या आईनं सांगितलेलं. म्हणून काल लताबाईंना घेऊन त्या वर गेल्या, नागमणीला कवेत घेतलं आणि हेल काढला. "अगं माझ्या मणीच्या आये, कुठं गेलीस गं सोडून..." लताबाईंचे डोळे लगेच भरले. जिन्यात उभ्या साक्षीचेही. नागमणी मात्र त्यांच्या कवेत लाकडासारखी ताठ. मग हळूच सुटली, उठली, आणि तांब्याभर पाणी आणून बायडाबाईंच्या पुढं ठेवलं. आज्जीगारूंना काहीतरी होतंय असं तिला वाटलं होतं. जिना उतरताना लताबाई म्हणाल्या, "बायडाबाई, आज पहिल्यांदा तुमचा वार फुकट गेला." "तिचं काळीज तेलगू हाय, त्याला मी काय करू?" त्या फटकारून म्हणाल्या होत्या. पण रात्रभर तो पाण्याचा तांब्या डोळ्यांपुढून हलला नाही.

मेथी संपली. त्या तिथंच भिंतीला टेकल्या. ऊन पायांवर आलं होतं आणि डोळ्यांवर झापड. झापडीत शब्द येत होते, अर्थावाचून, माशांसारखे. पाण्यातून पाठ दाखवायचे आणि बुडायचे. एक लांबट, एक आखूड, मग पुन्हा लांबट. त्यांना कळत होतं की यानंतर तो येणार, आणि तोच यायचा. काय आहे तो ते माहीत नाही, पण त्याची जागा माहीत होती; वीज गेल्यावर घरात चालताना हात आपोआप कोनाड्यावर जातो तसं. आठ महिने एक बाई त्यांच्या डोक्यावर बसून आपल्या लेकीला रोज तेच चार-सहा प्रश्न विचारत होती, आणि त्या प्रश्नांची चाल यांच्या हाडांत मुरली होती. मग झापडीतच त्यांनी, सहज म्हणून, आपल्या आईचा आवाज शोधला. ती काय विचारायची? सासरहून गेल्यावर, उंबऱ्यात, पाय धुवायला पाणी देताना? तोंड दिसलं, कपाळावरचं गोंदण दिसलं, पाण्याची लोटी दिसली, तिच्या काठावरचा पोचासुद्धा. ओठ हलताना दिसले. आवाज नव्हता. त्यांनी कान लावला, जोर केला, आणि जोर केल्याबरोबर चित्रही गेलं. सत्तरीला आलेल्या बाईच्या अंगात कुण्या परक्या बाईचा आवाज सगळाच्या सगळा होता, आणि आपल्या आईचा टाचणीएवढाही नव्हता. त्या दचकून जाग्या झाल्या.  घाम आला होता, थंडीत.

"आई." साक्षी समोर उभी होती, वरून आलेली. "यादगिरी सुट्टी टाकून घरीच थांबलाय. पोरीनं सकाळची बाटलीपण ओकली. डॉक्टरांनी सांगितलंय, संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर तिला ॲडमिट करायचं. सुई लावतील हातात." "एवढुशा हातात?" "हो."  बायडाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, टोपल्यातली पालकाची जुडी उचलली आणि जिन्याकडे निघाल्या. "आता कुठं? कालच्यासारखं रडू नका हं आई, घाबरते ती." "रडायला जात नाय. भाजी निवडायला जाते." "वर?" "तुला काय करायचंय? उजेड बरा हाय वर."

दारातच यादगिरी होता, दाढी वाढलेला, डोळे वेल्डिंगच्या उजेडानं नाहीतर जागरणानं लाल. "आजी, वो रोती नहीं," तो म्हणाला. "कुछ बोलतीच नहीं. मैं क्या करू?" "तू खाली जाऊन चा पी," बायडाबाई म्हणाल्या. "साक्षीला सांग, आलं जास्त घाल म्हणावं. जा." तो गेला. खोलीत तेलाचा आणि आंबट दुधाचा वास. पोरगी गोधडीवर पडून बारीक, सुकलेल्या आवाजात कुरकुरत होती. नागमणी भिंतीकडे तोंड करून, वेणी तीन दिवसांची. फोन खिडकीच्या कठड्यावर त्याच्या नेहमीच्या जागी उभा होता, काळा. बायडाबाई तिच्यापासून हातभर अंतरावर बसल्या आणि पालक निवडू लागल्या. देठ इकडं, पानं तिकडं. काही ठरवून आल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती, आणि भीती वाटतेय याचीच लाज. मेलेल्या बाईचे शब्द उचलायचे म्हणजे तिचं लुगडं दांडीवरून काढून आपण नेसायचं. कुणी दिलेत आपल्याला ते? या पोरीनं डोळे वर करून विचारलं, हे तुमच्याकडे कसे आले, तर काय सांगणार? ओट्यावर बसून चोरले म्हणून?

देठ इकडं, पानं तिकडं. हात कामाला लागले तसं मन सैल होत गेलं. खोलीत शांतता होती, पण ती सपाट नव्हती. तिच्यात ठरावीक अंतरानं खड्डे होते. इथं ती आई बोलायची. इथं ही उत्तर द्यायची. इथं तिकडचं कुत्रं भुंकायचं आणि आई त्याला हाकलायची. बायडाबाईंना एकेक खड्डा पायाला लागत होता. पोरगी कुरकुरली, थांबली. आणि त्या थांबण्यात, पानांवरून नजर न काढता, त्यांनी तोंड उघडलं. "एम्मा मणी," त्या म्हणाल्या. "तिन्नावा?"

नागमणीची पाठ ताठ झाली.  मग वळली, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते पाहून बायडाबाईंच्या हातातलं पान गळून पडलं. राग होता तो; ज्याच्या घरात चोर सापडलाय त्याचा. आयुष्यात लोक त्यांच्यावर रागावले होते, पण तो राग त्यांना खाली बघायला लावणारा नव्हता. आता त्यांनी खाली पाहिलं. उठून जावं असं वाटलं. पण अंगातली चाल सुरू झाली होती, आणि ती अर्ध्यात थांबत नव्हती. पहिल्यामागून दुसरं, बहुधा लेकराच्या दुधाचं, यायचंच होतं. "पाप पालू," त्या अडखळत म्हणाल्या, "पाप पालू... तागिंद." शेवट चुकला. चुकला हे त्यांना स्वतःलाच कळलं. शब्द दार लावून बसला होता, प्रश्नासारखा वर गेलाच नव्हता.

नागमणीचे ओठ थरथरले. तीन दिवसांत पहिल्यांदा हलले. "तागिंदा," ती म्हणाली, जेमतेम ऐकू येईल असं. "दाऽ." आणि हनुवटी वर उचलून दाखवली, कशी न्यायची ती. बायडाबाईंना आजवर कुणी चूक दाखवावी आणि त्यांनी ऐकून घ्यावी, असं घडलं नव्हतं. गुरुजींचं ऐकलं नाही, सासूचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. "तागिंदाऽ," त्या म्हणाल्या, तिच्या हनुवटीकडे बघत, हनुवटी वर उचलून. "पाप पालू तागिंदाऽ?"

आणि मग ते फुटलं. आधी नुसताच आ, उघडा, शेवट नसलेला. मग त्या आ-मधून शब्द, एकावर एक, पायऱ्यांवरून भांडी गडगडत यावीत तसे. ती बायडाबाईंच्या मांडीवर कोसळली आणि बोलत सुटली. रडत बोलत होती की बोलत रडत होती, कळायला मार्ग नव्हता. त्यातला एकही शब्द बायडाबाईंना कळत नव्हता. आणि तरी कुठं 'ऊं' म्हणायचं, कुठं गप्प राहायचं, कुठं जिभेनं चक् करायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या त्या ठिकाणी ते आपोआप होत होतं. त्यांच्या हेलात, गेलेल्या माणसाचं एक-एक त्या मांडायच्या. इथं मांडणारी ती होती, आणि त्या फक्त जागा धरून बसल्या होत्या. मध्येच पोरगी जोरात रडली. नागमणीनं, बोलणं न थांबवता, हात लांब करून तिला ओढून घेतलं आणि पदराखाली लावलं. दूध येत होतं की नाही कोण जाणे. पोरगी ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. पण ओकली नाही. खाली जिन्यात पावलं वाजली, अर्ध्यात थांबली, आणि परत उतरून गेली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. उन्हाचा तुकडा खिडकीवरून भिंतीवर गेला होता. हुंदक्यांमधलं अंतर वाढत वाढत गेलं, आणि मग नागमणी नुसतीच पडून राहिली, डोळे उघडे. बायडाबाईंनी तिच्या तोंडावरची बट मागं सारली. "एम्मा मणी," त्या हळू म्हणाल्या, या वेळी जाणूनबुजून, उसनं मागून घेतल्यासारखं. "तिन्नावाऽ?" याचं उत्तर त्यांना माहीत होतं. आठ महिने रोज एकच उत्तर, 'तिन्नानम्मा', हसत, जरासं वैतागून, रोज काय तेच विचारतेस अशा सुरात. त्यांच्या कानानं त्यासाठी जागा मांडून ठेवली होती.

"तिनलेदु," नागमणी म्हणाली.

जागा रिकामी राहिली आणि तिथं भलताच शब्द येऊन बसला. बायडाबाई तो ऐकत राहिल्या. पहिला भाग ओळखीचा होता, रोजच्या प्रश्नातला. मागचाही; तो गॅसबरोबर यायचा, बसबरोबर, नळाच्या पाण्याबरोबर, दोन रिकाम्या हातांबरोबर. आज हात हलले नव्हते. हातांची गरजच पडली नाही. कुणी न सांगता, कुणी न शिकवता, सत्तर वर्षांत पहिल्यांदा एक अख्खं वाक्य सरळ येऊन त्यांच्या पोटात उतरलं.

"साक्षे!" त्या खिडकीतून ओरडल्या. "ए साक्षे! भात टाक गं. मऊ टाक, पाणी जास्त घालून. आणि दही हाय का बघ."

"किती जणांचा टाकू?" खालून साक्षीचा आवाज आला.

बायडाबाईंनी मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. तिच्या पदराखालून चोखण्याचा बारीक, चिवट आवाज येत होता.

"दोघींचा," त्या म्हणाल्या. "सकाळपासून मी पण तिनलेदु."

त्यांच्या मांडीवर नागमणी हसली की पुन्हा रडायला लागली, ते त्यांना दिसलं नाही. त्यांनी बघितलंही नाही. निवडलेला पालक त्या एका हातानं गोळा करत राहिल्या, दुसरा हात तिच्या डोक्यावर तसाच ठेवून.